‘माहे बाबा मशीनच असते तं बरं झालं असतं’

पत्र:

मी नागपुरात सदर भागात राहते, बँकेत नोकरी करते आणि सहा वर्षांपासून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्ये दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकवते. मागच्या रविवारी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय होता, आदाम-हव्वाच्या पतनाचा. एका मुलाने विचारलं, “देवाने माणसाला परिपूर्णच का नाही केलं? मग पाप झालंच नसतं.” मी नेहमीचं उत्तर दिलं, की देवाला मशीन नको होत्या, आपल्या मर्जीने प्रेम करणारी लेकरं हवी होती, म्हणून त्याने आपल्याला इच्छास्वातंत्र्य दिलं. त्यावर बारा वर्षांची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, “टीचर, मंग माहे बाबा मशीनच असते तं बरं झालं असतं.” तिचे वडील पितात हे सगळ्यांना माहीत आहे. वर्गात कोणी काही बोललं नाही. मी घाईघाईने प्रार्थना घेतली आणि वर्ग सोडला. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, मुलांसमोर इतक्या खोलात जाऊ नका. पण येत्या रविवारी ती परत येणार आहे. खरं सांगते, तिचं म्हणणं मला पटलंय, आणि त्याचीच भीती वाटते आहे. काय सांगू तिला?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर:

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

सगळ्यात आधी एक विचारते, आणि हे रविवारच्या आत शोधून काढा. ते पिऊन आले की घरात मारहाण होते का? तिच्यावर किंवा तिच्या आईवर हात उचलला जातो का? तसं असेल तर देवाविषयीचा प्रश्न बाजूला ठेवा. एखाद्या जाणत्या बाईला सोबत घेऊन तिच्या आईला भेटा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तो आईला लिहून द्या, आणि मुलीला पाठ करायला सांगा. घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, असं आपल्या मंडळ्यांमध्ये फार मानतात. मी तसं मानत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुम्ही दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. मीही वर्गात तीस वर्षं तेच देत आले, म्हणून ते कुठे अडतं हे मला ठाऊक आहे. आपण मुलांना असं भासवतो की स्वातंत्र्य म्हणजे दोन रस्त्यांच्या फाट्यावर उभं राहणं, एक चांगला, एक वाईट, आणि दोन्ही सारखेच मोकळे. वाईट रस्ता उघडा नसेल तर माणूस मशीन. पण मग देवाचं काय? देव पाप करू शकत नाही, असं आपण मानतो ना? तो काय मशीन आहे? आणि स्वर्गात, जिथे कोणी पाप करणार नाही असं आपण मुलांना सांगतो, तिथे काय सगळी मशीनच बसलेली असतील? तुमच्या वर्गातला एखादा हुशार पोट्टा हे विचारणारच. बहुतेक तोच, ज्याने पहिला प्रश्न विचारला.

साधं बघा. तुम्ही स्वतःच्या लेकराच्या ताटात विष कालवू शकता का? नाही कालवू शकत. हात उठणारच नाही. म्हणून तुम्ही बांधलेल्या आहात असं कोणी म्हणत नाही. उलट आई त्या ठिकाणी सगळ्यात मोकळी असते, कारण तिचं मन आणि तिचा हात यांच्यात काही आडवं येत नाही. ख्रिस्ती विश्वासात स्वातंत्र्याचा सगळ्यात भरीव अर्थ हाच आहे. ऑगस्टीन नावाच्या बिशपने चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास त्याच्या पायऱ्या मांडल्या: आदामाला पाप न करणं शक्य होतं, पतनानंतर माणसाला पाप टाळणं अशक्य झालं, आणि तारण पूर्ण झालेल्या माणसाला पाप करणंच शक्य राहणार नाही. ही शेवटची अवस्था त्याने सगळ्यात मोठी मोकळीक म्हणून सांगितली आहे.

मधली पायरी मी माझ्या घरात बघितली, ती सांगते.

माझा थोरला भाऊ रेल्वेत होता, अजनीला क्वार्टर. माणूस इतका मायाळू की पगाराच्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या मुलांसाठी संत्राबर्फी आणायचा. आणि प्यायचा. एका वर्षी गुड फ्रायडेला, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना संपल्यावर, त्याने साऱ्या मंडळीसमोर शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली. सगळे रडले. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला वहिनी एकटीच आली. सोमवारी सकाळी मी भांडायच्या तयारीनेच क्वार्टरवर गेले. दादा ओट्यावर बसला होता. वहिनीने चहा आणून ठेवला. त्याने कपाला बोट लावलं की कप बशीवर खडखड वाजायचा. दोनदा प्रयत्न केला. मग त्याने कप माझ्याकडे सरकवला, बशी दोन्ही तळव्यांत धरली, मला चहा ओतायला लावला आणि मान खाली नेऊन, जनावर पितं तसा प्यायला. वर न बघता म्हणाला, “शपथ खोटी नव्हती वं.”

मी भांडले नाही. त्याचा शब्द खरा होता, हे त्या बशीवरून कळत होतं. “जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि जे वाईट नको वाटतं तेच करतो,” अशा अर्थाचं प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हटलंय. ते मी शेकडो वेळा वाचलं होतं, पण कळलं त्या ओट्यावर. ऑगस्टीननेही स्वतःच्या तरुणपणाबद्दल लिहिलंय की वाकड्या इच्छेतून वासना झाली, वासनेचे लाड करता करता सवय झाली, सवयीला अडवलं नाही तेव्हा तिची सक्ती झाली, आणि कडीत कडी अडकून साखळी तयार झाली.

म्हणून ताई, त्या मुलीला सांगायची पहिली गोष्ट ही, की तिचे बाबा बरेचसे मशीनच झाले आहेत. संध्याकाळ झाली की पाय आपोआप तिकडे वळतात, हात आपोआप खिशात जातो. बटण दुसऱ्याच्या हातात आहे. देवाने दिलेली मोकळीक वापरून ते पितात, असं आपण म्हणतो खरं, पण पिण्याने सगळ्यात आधी गिळली असेल तर तीच मोकळीक. ती मुलगी मशीन मागते आहे, पण तिला हवा आहे तो बाप, जो संध्याकाळी सात वाजता ‘नको’ म्हणू शकेल. तिला जे हवंय आणि देवाला जे हवंय, ते एकच आहे. देव बाबांच्या पिण्याच्या बाजूने उभा राहून ‘त्यांची मर्जी’ म्हणतोय, असं तिला वाटत असेल तर ते आधी पुसून टाका.

एक काळजी मात्र घ्या. याचा अर्थ बाबांची काही जबाबदारी नाही, असा तिने घेऊ नये. साखळीत अडकलेल्या माणसालाही हाक मारता येते. तेवढी इच्छा शिल्लक असते, आणि तेवढ्याच इच्छेचा हिशेब त्याच्याकडे मागायचा असतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. त्यांची पहिलीच पायरी अशी आहे, की दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं. मला ते ऐकून आधी राग आला होता, हे काय हरल्याची कबुली देणं! पण दादाने ज्या दिवशी तेवढं तोंडाने म्हटलं, त्या दिवसापासून तो हळूहळू माणसात आला. शेवटची अकरा वर्षं त्याने थेंब घेतला नाही. दुकान ज्या गल्लीत होतं ती टाळून तो लांबच्या रस्त्याने घरी यायचा. एकदा मी म्हटलं, दादा, आता तरी त्या गल्लीने जाऊन दाखव ना. तो म्हणाला, “मोकळा आहे म्हणूनच तं दुसरीकडून येतो.”

आता त्या मुलाचा प्रश्न. मुळातच परिपूर्ण का नाही केलं?

आधी शब्द बघू. ‘परिपूर्ण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो शंभरपैकी शंभर मार्कांचा पेपर, एकही खोट नाही असा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी देव आपण केलेलं सगळं बघतो, तिथे शब्द आहे ‘फार चांगले’. पूर्ण झालं, आता यात भर नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, “जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा,” तिथला ग्रीक शब्द आहे ‘तेलेयोस’. जे आपल्या शेवटाला, आपल्या हेतूला पोचलं, पिकलं, प्रौढ झालं, ते. आंबिया बहाराचं संत्रं जूनमध्ये हिरवंगार, लिंबाएवढं असतं. त्यात खोट नसते, पण ते अजून संत्रं व्हायचं असतं. आपल्याकडच्या मुलांना हे समजवायला चित्र काढावं लागणार नाही.

दुसऱ्या शतकात, आज फ्रान्समध्ये असलेल्या लिऑन शहरी इरेनियस नावाचे बिशप होते. त्यांच्यासमोर तुमच्या वर्गातलाच प्रश्न आला होता: देवाला पहिल्यापासूनच माणूस पूर्ण करून ठेवता आला नसता का? त्यांनी उत्तर दिलं ते आईच्या उदाहरणाने. आई बाळाला जड अन्न देऊ शकते, पण बाळाला ते घेता येत नाही. देणारीचा हात आखडलेला नाही, घेणाऱ्याचं पोट लहान आहे. उष्टावण व्हायच्या आधी कोणी बाळाला पुरणपोळी भरवतं का? जे निर्माण झालं ते नवं आहे, आणि नव्याला वाढावं लागतं. आदाम-हव्वा त्यांच्या मते लेकरांसारखे होते, वाढायला निघालेले. बहकले, पडले, पण देवाने त्यांना वाढवायचं सोडलं नाही.

यावर कोणी म्हणेल, देव सर्वसमर्थ आहे तर पोटही मोठंच का नाही दिलं? मला वाटतं, काही गोष्टी बाहेरून बसवता येत नाहीत. भरवसा, धीर, क्षमा हे कोणाच्या आत आयतं ठेवलं तर ते त्याचं होत नाही. दादाची अकरा वर्षं कोणी त्याला पहिल्याच दिवशी बांधून दिली असती, तर ती दादाची नसती.

पण माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा दुसराच आहे, आणि तो तुमच्या वर्गाच्या वयाचा आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशू बारा वर्षांचा आहे. तो निष्पाप होता हा आपला विश्वास. तरी लूक लिहितो की तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय तर आणखी पुढे जातो: पुत्र असूनही तो दुःख सोसून आज्ञापालन शिकला, आणि असा पूर्ण केला गेला. तोच शब्द, ‘तेलेयोस’च्या घरातला. देव स्वतः माणूस होऊन आला, तेव्हाही तो तयार होऊन उतरला नाही. पाळण्यात आला, चुकतमाकत चालायला शिकला, योसेफाच्या कामाच्या जागी हाताला घट्टे पडले असतील. माणूस असणं म्हणजेच वाढणं असेल, तर ‘वाढ नको, एकदम पूर्ण माणूस दे’ ही मागणी पाणी हवं पण ओलं नको, अशी होते.

“पण देवाला आधीच माहीत होतं ना?” हेही येईल. याला फार वेळ देऊ नका. काल काय झालं हे मला आठवतं, म्हणून काही मी ते घडवलं नाही. तसंच पुढचं माहीत असल्याने ते घडवल्यासारखं होत नाही, असं ऑगस्टीनने म्हटलंय. बारा वर्षांच्या मुलांना एवढं पुरतं.

आता अवघड जागा, आणि इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मोकळीक बाबांना मिळाली, मग किंमत ती मुलगी का मोजते? त्या लेकराच्या डोळ्यांत बघून वाचून दाखवता येईल, असं उत्तर मला आजवर सापडलं नाही. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे तिला कृपा करून म्हणू नका. ‘तू रोज प्रार्थना कर, बाबा सोडतील’ हेही नको. ती मनापासून करील, बाबा पितच राहतील, आणि आपलीच प्रार्थना कमी पडली असं ती समजेल. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? प्रभू म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही. तिला यातलं ‘तुझं नाही’ एवढं ऐकू द्या, अगदी स्पष्ट शब्दांत. माझ्याकडे उत्तराच्या जागी दोनच गोष्टी आहेत. दुसऱ्यांनी आपली मर्जी वाईट वापरली, त्याचे घाव देवाने स्वतःच्या अंगावर घेतले, आणि पुनरुत्थानानंतरही ते व्रण तसेच ठेवले, थोमाने बोट लावून बघावं म्हणून. आणि स्तोत्रसंहितेत ‘परमेश्वरा, कोठवर?’ असं ओरडणारी तेराव्या स्तोत्रासारखी स्तोत्रं आहेत. ती पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकली नाहीत. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचं वाक्य त्याच जातीचं आहे.

पाळकसाहेबांविषयी. ते काळजीने बोलले असतील, पण खोलात तुम्ही गेल्या नव्हता, ती मुलगी तिथेच राहते. आणि या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही, कारण आपली मंडळी यावर कधीच एकमताची नव्हती. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, ती आपल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. त्यात स्कॉटिश परंपरेचे लोक होते, ज्या परंपरेतून १८४५ मध्ये मिशनरी हिस्लॉपसाहेब नागपुरात आले. त्या परंपरेच्या १६४७ च्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत म्हटलंय की आपले पहिले आईबाप स्वतःच्या इच्छेच्या स्वातंत्र्यावर सोडले गेले आणि पडले, आणि या जन्मात कोणीही पूर्णत्वाला पोचत नाही. त्याच मेजाशी मेथॉडिस्ट होते, ज्यांचे संस्थापक जॉन वेस्ली आयुष्यभर सांगत राहिले की प्रेमात पूर्ण होणं याच जन्मात शक्य आहे, अज्ञान आणि चुका राहिल्या तरी. देव आधी निवडतो की माणूस आधी होकार देतो, यावर या दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत. तरी भाकर एकच मोडली. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना दोन्ही बाजू एका दमात सांगितल्या आहेत: तुमचं तारण तुम्ही भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. पाळकसाहेबांना हे सांगा आणि रविवारी वर्गात येऊन बसायला सांगा. येतील.

रविवारी करायचं ते असं. वर्गात तिच्या वाक्याचा विषय काढू नका, तिच्याकडे सगळ्यांच्या माना वळतील. लूकचा दुसरा अध्याय घ्या, बेचाळिसाव्या वचनापासून. बारा वर्षांचा मुलगा देवळात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकतो आहे आणि त्यांना प्रश्न विचारतो आहे. ‘प्रश्न’ या शब्दावर थांबा. पुढचं ती समजेल.

वर्ग सुटल्यावर काही निमित्ताने तिला थांबवा, पुस्तकं आवरायला म्हणा. आणि शिक्षिकेच्या आवाजात न बोलता घरच्या बोलीत सांगा: “मागच्या वेळी मी दिलेलं उत्तर अर्धंच होतं. तू बोललीस ते बरोबर होतं. बाबांचं पिणं तुझ्यामुळे नाही, आणि ते थांबवणं तुझं काम नाही.” एवढंच. ती रडली तर रडू द्या, लगेच प्रार्थनेला हात जोडू नका. काहीच बोलली नाही तर पुस्तकं आवरा.

मग तिच्या आईकडे जा. दोन गोष्टी सांगा. एक, मंडळीसमोर शपथ वगैरे काही घ्यायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे सोडायचं ते डॉक्टरच्या हाताखाली. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातल्या मानसोपचार विभागात घेऊन जाता येईल. दुसरी गोष्ट, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा नागपुरात भरतात. तिथे फी नाही, आणि कोणत्या धर्माचे असं कोणी विचारत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळे गट असतात. बाबा यायला तयार नसतील तर आईने एकटीने जावं. माझी वहिनी दादाच्या आधी दीड वर्ष एकटीच जात होती.

पत्रात तुम्ही तुमचा फोन नंबर दिलाय. मी गुरुवारी संध्याकाळी, तुम्ही बँकेतून घरी पोचल्यावर, फोन करते. आईला भेटायला जाताना सोबत कोणी नसेल तर मी येईन.